दोन पूर्णांक आठ दशांश

रुवीच्या बाजारात, शिंपी आणि मनी एक्स्चेंज यांच्या मधल्या फटीत
सजीवनचं दुकान, आठ फूट रुंद.
सहा गुरुवार झाले, मी येतो,
सुलेमानी पितो, भाव विचारतो, परत जातो.
आता तो विचारतही नाही.
मला पाहिलं की मखमलीच्या तुकड्यावर
तीन लेन्सा मांडतो.

पहिली कंपनीची, अस्सल. तीनशे चाळीस रियाल.
म्हणजे माझे दोन पगार
आणि घरी सांगायला एक थाप.
उचलतो. वजन आहे. खाली ठेवतो.

दुसरी परक्या कंपनीची, नवी, एकशे पंधरा,
हाताची थरथर थांबवणारी मोटर आत.
तिसरी वापरलेली. अडुसष्ट.
रिंग फिरवली की करकरते,
कुणीतरी वहिबाला नेली असणार,
वाळू अजून दाताखाली आहे तिच्या.

माझ्याकडची, कॅमेऱ्यासोबत आलेली,
उन्हात गुणाची.
पण लांबचं जवळ ओढायला जावं तर डोळा बारीक करते,
पाच पूर्णांक सहा,
जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखी:
खिडकी एवढीच उघडेल, काय ते तिथूनच बोला.

आणि आमचं सगळं ट्यूबलाइटखाली.
बारसं, साखरपुडा, दोन खोल्यांत चाळीस माणसं.
फ्लॅश मारला तर नथ येते, बाई जाते.

पण ही कारणं मी सजीवनला सांगतो.
खरं कारण परकार.
इस्माईल परकार, खेडचा, क्रेनवाला.
सव्वीस वर्षं झाली, उद्या मेसमध्ये निरोप.
त्याचे जुने फोटो गोळा केले, चौदा मिळाले.
चौदांत तो एक डाग:
क्रेनच्या काचेमागे,
मागच्या रांगेत कुणाच्या तरी कानाआड,
नाहीतर हललेला, कारण हातात वाढायचा डाव.

मोटरवाली घ्या, सजीवन म्हणतो.
मोटर माझा हात थांबवील.
परकारचा कोण थांबवणार?
त्याला हवं सताड उघडं दार,
सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात आत जाऊन
बाहेर येता येईल असं.
आकडा लहान तितकं दार मोठं,
हे उलटं गणित शाळेत भेटलं असतं
तर मी पास झालो असतो.

तिसरी लावली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला,
आणि काच पांढरी. रुवी पुसली गेली.
एसीतून दमट हवेत आलं की
दोन मिनिटं आंधळं राहायचं, इथला नियमच.
पुसू नये. उभं राहावं.

मग हळूहळू बाजार परत आला.
शेजारचा कारागीर काजं करत होता.
पन्नासवर, दार सताड.
सुई दिसली. सुईचं नेढं दिसलं.
डाव्या कोपऱ्यातली पाटी मात्र
साखरेसारखी विरघळलेली.

कोपरा मऊ आहे, खोटं नाही बोलणार, सजीवन म्हणाला.
म्हटलं, मेसच्या कोपऱ्यात वॉटर कूलर असतो,
त्याला कोण बघतंय.
पासष्टला दे.
सहासष्ट, तो म्हणाला, मागचं झाकण फुकट.

शुक्रवारी परकार आला, निळा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच.
हार घातला. मी दाबलं.
पापण्या आल्या. भुवईतला पांढरा केस आला.
नाकाच्या दोन्ही बाजूंना गॉगलने सव्वीस वर्षांत
कोरलेले खळगे आले.
पडदा त्याच्यापुढे धरला.
त्याने स्वतःकडे पाहिलं जेमतेम.
माझे कान एवढे? म्हणाला.
मग बोट डावीकडे सरकवलं, मोठं केलं,
आणखी मोठं केलं.

कूलरपाशी हा कोण?

नवा पोरगा होता, परवाच आलेला,
बाटली भरत होता.
चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ ढग.

त्याला मध्ये बोलाव, परकार म्हणाला,
हार काढून हातात घेत.
आणि आणखी एक काढ.

मी रिंग फिरवली.
करकरली.